अम्मीचा हात आणि काखेतल्या गाठी

आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या एक आपा होत्या. त्यांच्या वहीत अम्मीच्या नावापुढे दंडाची दोन मापं लिहिलेली असत. डावा १२ इंच, उजवा १५. ईदचे कपडे शिवायला टाकले की त्या दरवेळी टेप काढून उजवा दंड नव्याने मोजत, कारण तो आकडा बदलत असे. अम्मी तेवढा वेळ मान दुसरीकडे वळवून उभी राहायची. १९९९ पासून २०१६ मध्ये हृदयविकाराने तिचं निधन होईपर्यंत, म्हणजे साधारण सतरा वर्षं, अम्मीचे सगळे कुर्ते दोन वेगवेगळ्या बाह्यांचे होते.

गेले सात-आठ महिने मी इथे काही लिहिलं नाही. काही वाचकांनी विचारपूस केली, त्यांना मी 'तब्येत जरा नरम आहे' एवढंच कळवलं. खरं कारण असं की २०२४ च्या हिवाळ्यात माझ्या स्वतःच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. हा शब्द असा सरळ लिहायला मला दोन दिवस लागले. मी बी.एड. झालेली, उर्दू शाळेत मराठी शिकवणारी बाई. पोरांना 'शब्दांना घाबरू नका' म्हणून रोज सांगते. पण आमच्या घरात या अवयवाचं नाव कधी कुणी मोठ्याने घेतलं नाही. 'छाती में कुछ है' असं अम्मी आवाज उतरवून म्हणाली होती, तेही पाच महिने लपवून ठेवल्यावर.

तेव्हा मी बी.एड.ला होते. अम्मीचं वय ५१. गाठ सुपारीएवढी. सोलापुरातल्याच एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. त्याआधी सिस्टरने तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या कापडात धरून फोडल्या, कारण त्या मनगटातून निघत नव्हत्या. डॉक्टर जे काही बोलले ते अब्बांशी बोलले, आणि अब्बांनी त्यातलं निम्मं आम्हाला सांगितलं. पुढे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तो इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मीच. त्यात काखेतून काढलेल्या ग्रंथींचा हिशेब होता: १७ पैकी ०. सतरा तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. अब्बांनी दोन रकात शुकराना पढला. मीही पढला. सतरा निरोगी ग्रंथी काढून टाकल्या गेल्या, असा त्या ओळीचा दुसरा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आठ महिन्यांनी हात सुजायला लागला.

काखेतल्या गाठी म्हणजे काय, हे समजावून सांगायला मराठीत एक जुना शब्द आहे: अवधाण. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते, हाताला जखम झाली की काखेत दुखरी गाठ लागते, आपल्या आज्या म्हणायच्या 'अवधाण आलंय'. ही गाठ नवीन उगवलेली नसते. ती आधीपासून तिथे असतेच, घेवड्याच्या दाण्यासारखी, हाताला न लागणारी. डॉक्टर तिला लसिका ग्रंथी म्हणतात. शरीरात रक्ताखेरीज आणखी एक पाण्यासारखा द्रव बारीक नळ्यांतून वाहत असतो, तो वाटेत या ग्रंथींतून गाळला जातो. एकेका काखेत अशा वीस-तीस, कुणाला त्याहून जास्त. स्तनातून निघणारा बहुतेक द्रव काखेकडे जातो, आणि हाताचा द्रवही तिथूनच परततो. म्हणून स्तनातल्या कॅन्सरच्या पेशी सुटून निघाल्या तर त्यांचा पहिला मुक्काम बहुधा काखेत पडतो. आणि म्हणूनच काख साफ केली की हाताचं पाणी परतायची वाट बंद होऊ शकते.

अम्मीचं ते झालं. सकाळी हात बरा असे, संध्याकाळी बोटं अशी फुगत की घास धरता येत नसे. उजव्या हाताने जेवायचं, हे आम्हाला लहानपणी तिनेच शिकवलेलं. डाव्याने खायला तिचं मन होईना, म्हणून ती सुजलेल्या उजव्या हातात चमचा मुठीत धरून जेवायची, पाहुणे आले की जेवायचीच नाही. भाकरी थापणं सुटलं. वजूला बाही कोपरापर्यंत वर सरकत नसे. एकदा बोरीचा काटा लागला आणि दोन दिवसांत अख्खा हात लाल, कडक ताप, सलाईन. असं तीनदा झालं. दाब देणारी लवचिक बाही, हलक्या हाताने मालिश, कातडीची काळजी या गोष्टी आम्हाला फार उशिरा कळल्या. ऑपरेशनआधी कुणी तिला म्हणालं नव्हतं की बाई, तुझा हात सुजू शकतो. पुढे मी वाचलं की पूर्ण काख साफ केलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. अम्मीला तो आकडा कुणी सांगितला असता तरी तिने ऑपरेशन करूनच घेतलं असतं. पण तो तिचा आकडा होता, तिला माहीत असायला हवा होता.

काख साफ केली याबद्दल मात्र त्या सर्जनवर माझा राग नाही. तेव्हाची रीतच ती होती, आणि रीत शंभर वर्षांची होती. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड नावाचा सर्जन होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं ऑपरेशन रूढ केलं. त्याचा विचार सरळ होता. कॅन्सर पायरी-पायरीने पुढे सरकतो, आधी स्तन, मग काख, मग उरलेलं शरीर, तेव्हा जितकं लांबवर कापाल तितकं बरं. त्या काळात बायका फार मोठ्या गाठी घेऊन येत, त्यामुळे त्याला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. पण पुढे पाऊणशे वर्षं लहान गाठीलाही तोच न्याय लागला.

हा न्याय तपासून पाहायचं धाडस बर्नार्ड फिशर या अमेरिकन सर्जनने केलं. १९७१ मध्ये त्याच्या गटाने एक मोठी चाचणी सुरू केली. ज्यांच्या काखेत हाताला काहीच लागत नव्हतं अशा हजारावर बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्या गटाची काख साफ केली, दुसऱ्यात काखेला किरणोपचार दिले, तिसऱ्यात स्तन काढला पण काखेला हात लावला नाही. पहिल्या गटाच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा सुमारे ४० टक्के बायकांमध्ये कॅन्सर सापडला. म्हणजे डॉक्टरांची बोटं दहापैकी चार वेळा फसत होती. हे एक. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. गट चिठ्ठीने पाडलेले, त्यामुळे तिसऱ्या गटातही तितक्याच जणींच्या काखेत रोग असणार. पण पुढे त्यांच्यातल्या १९ टक्क्यांच्या आतच जणींच्या काखेत गाठ वाढून ऑपरेशन करावं लागलं. आणि २५ वर्षांनी, २००२ मध्ये, जगण्याचा हिशेब मांडला तेव्हा तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मग १९९८ मध्ये अम्मीची काख का साफ केली? मी माझ्या सर्जनबाईंना हेच विचारलं. त्या पुण्यातल्या, वयाने माझ्याहून लहान. म्हणाल्या, "मॅडम, तेव्हा काख साफ करायची ती अर्धी इलाजासाठी आणि अर्धी माहितीसाठी. काखेत आहे की नाही यावर पुढची औषधं ठरायची. आणि कळायला दुसरा रस्ता नव्हता."

माहितीसाठी. शाळेत फळ्यावर कुणी काही वेडंवाकडं लिहिलं आणि नाव कुणी सांगेना, की जुन्या काळचे मास्तर अख्ख्या वर्गाला अंगठे धरायला लावत. चोर सापडो न सापडो, पन्नास पाठी दुखत. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी हे एकदा केलं आहे, आणि त्यातल्या एका मुलीचा चेहरा अजून आठवतो.

दुसरा रस्ता निघाला तो असा. सोलापुरात पूर्वी गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर जकात नाका असायचा. बाहेरून येणारा ट्रक आधी नाक्यावर थांबणार, मग पेठेत जाणार. नाक्यावर माल दिसला नाही तर तो त्या रस्त्याने पेठेत गेला नसावा, असं धरायला हरकत नाही. स्तनातल्या त्या विशिष्ट जागेतून निघालेला द्रव काखेतल्या ज्या एक-दोन ग्रंथींत सर्वांत आधी पोहोचतो त्या हुडकायच्या, तेवढ्याच काढून तपासायच्या. त्यांना पहारेकरी ग्रंथी म्हणा, नाका म्हणा. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कॅन्सरमध्ये निळा रंग टोचून हे करून दाखवलं. स्तनासाठी १९९३ मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरलं, १९९४ मध्ये आर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग. रंग टोचला की तो त्या नळ्यांतून सरकत जातो आणि पहिली ग्रंथी निळी होते.

इटलीत मिलान इथे उंबर्टो वेरोनेसी यांनी याची रीतसर चाचणी घेतली. एका गटात सगळ्यांची काख साफ, दुसऱ्यात नाक्यावर रोग सापडला तरच साफ. एकूण ५१६ बायका. चाचणी मार्च १९९८ मध्ये सुरू झाली. मी ही तारीख वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. अम्मीचं ऑपरेशन त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतलं. इकडे तिच्या सतरा ग्रंथी काढत होते तेव्हा तिकडे काही बायकांच्या दोन-तीनच काढून बघत होते, आणि ते बरोबर की चूक हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

आता माझ्याबद्दल. वय ४८, पाळी चालू. गाठ १६ मिलिमीटरची. बायोप्सीत मध्यम दर्जाची, म्हणजे फार सुस्त नाही आणि फार आक्रमकही नाही. हार्मोनला प्रतिसाद देणारी. सर्जनबाईंनी काख दाबून पाहिली, काही लागलं नाही. मग काखेची सोनोग्राफी. त्यात ग्रंथीचा आकार बघतात, घेवड्यासारखी लांबट आहे की चेंडूसारखी गोल झाली आहे, मधला चरबीचा पांढरा भाग शाबूत आहे का, बाहेरची साल जाड झाली आहे का. माझ्या सगळ्या घेवड्यासारख्या.

मी म्हटलं, "म्हणजे काखेत नाही."

त्या म्हणाल्या, "म्हणजे दिसत नाही."

मग त्यांनी संगणकावर एक हिशेब केला. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयाने हजारो बायकांच्या नोंदींवरून असे तक्ते बनवले आहेत. त्यात वय, गाठीचं माप, प्रकार, दर्जा, गाठ एक आहे की अनेक, स्तनाच्या कुठल्या भागात आहे, हार्मोनची माहिती, आणि गाठीच्या आजूबाजूच्या बारीक नळ्यांत पेशी शिरलेल्या दिसतात का, हे भरायचं. शेवटची बाब फार वजनाची. नळीत पेशी दिसल्या तर काखेची शक्यता बरीच वाढते. माझ्या बायोप्सीत दिसल्या नव्हत्या, पण बायोप्सी म्हणजे गाठीचा धाग्याएवढा तुकडा. उत्तर आलं २० टक्क्यांच्या आसपास. 'हा तक्ता तिकडच्या बायकांवरून केलेला, म्हणून मी आकडा अगदी तंतोतंत धरत नाही' असंही त्या म्हणाल्या. हे मला आवडलं.

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे आहे का नाही?" गणिताचा शिक्षक असूनही त्याने हे विचारलं. स्वतःच्या बायकोची गोष्ट असली की टक्केवारीचा धडा कुणालाच आठवत नाही.

घरी आल्यावर खालाजानना सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे. खालाजान म्हणाल्या, "ये तो गैब की बात हे, डाक्टरनी को कैसा मालूम?" गैब, म्हणजे जे डोळ्यांआड आहे ते, फक्त अल्लाह जाणतो. मी विचारात पडले. मराठीत आपण 'भाकीत' म्हणतो, त्याला पोपटवाल्या ज्योतिषाचा वास येतो. उर्दूत पेशगोई म्हटलं तरी तेच. मग मला 'अंदाज' आठवला, जो दोन्ही भाषांत नांदतो. मी म्हटलं, "खालाजान, डॉक्टरनी जाणतेय असं म्हणतच नाही. ती म्हणतेय मला माहीत नाही, आणि किती माहीत नाही तेवढं आकड्यात सांगतेय." खालाजानना ते पटलं. मला स्वतःला पटायला रात्र जावी लागली. शंभरांतल्या वीस बायका कोण, हे तक्ता सांगत नाही. त्यातली मी आहे की नाही, हे तर मुळीच नाही.

एक गोष्ट मी हट्टाने विचारली. नाक्याची तपासणी तरी का करायची? तेही एक ऑपरेशनच, हात त्यातही सुजू शकतो, जरी कमी जणींचा, साधारण वीसातल्या एकीचा. माझ्या प्रश्नावर त्या हसल्या आणि म्हणाल्या की जगभर आता हाच प्रश्न चालू आहे. मिलानच्याच डॉक्टरांनी २०२३ मध्ये एका चाचणीचा निकाल दिला. गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत, सोनोग्राफीत काख स्वच्छ, अशा १,४०५ बायका. एका गटात पहारेकरी ग्रंथी तपासल्या, दुसऱ्यात काखेला हातच लावला नाही. तपासलेल्या गटात १३.७ टक्के जणींच्या ग्रंथींत रोग निघाला, म्हणजे न तपासलेल्या गटातही जवळपास तितक्याच जणींच्या काखेत तो राहून गेला असणार. तरी पाच वर्षांनी दूरच्या अवयवांत रोग न पसरता जगणाऱ्या एका गटात ९७.७ टक्के, दुसऱ्यात ९८. किरणोपचार आणि औषधं उरलेलं काम करत असावीत.

"मग माझंही सोडा ना," मी म्हटलं.

"त्या चाचणीतल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या होत्या. तुमची पाळी चालू आहे. तुमच्या काखेत काही सापडलं तर किमोचा निर्णय बदलतो. साठीच्या बाईत बहुधा बदलला नसता. तुमच्या हातासाठी मी आत्ताच्या माहितीवर पाणी सोडणार नाही, पण सतरा ग्रंथीही काढणार नाही."

अम्मीच्या सतराचा आकडा मी त्यांना सांगितला होता. त्यांनी तो लक्षात ठेवला, याचं मला तेव्हा रडू आलं.

संमतीपत्र यावेळी मी स्वतः वाचलं, स्वतः सही केली. त्यात हेही होतं की नाक्याची तपासणी चुकू शकते. अमेरिकेत ५,६११ बायकांची सर्वांत मोठी चाचणी झाली, तिच्यात काखेत रोग असलेल्या जवळजवळ दहातल्या एकीच्या बाबतीत पहारेकरी ग्रंथीने 'काही नाही' असं सांगितलं होतं. असं असूनही फक्त पहारेकरी ग्रंथी तपासलेल्या गटातल्या बायका जगण्यात मागे पडल्या नाहीत. बांगड्या मी आदल्या रात्री साबण लावून काढल्या.

आमच्याकडे किरणोत्सारी यंत्र सगळीकडे नसतं, म्हणून मिथिलीन ब्लू नावाचा स्वस्त निळा रंग बऱ्याच ठिकाणी वापरतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या सर्जननी तर याहून साधा मार्ग तपासला आहे. काखेच्या खालच्या भागातली ठराविक चरबी ग्रंथींसकट काढायची, रंगाची आणि यंत्राची गरजच नाही. २०१३ मध्ये त्यांनी छापलेल्या निष्कर्षांनुसार तो पहारेकरी पद्धतीच्या तोडीस तोड ठरला. तालुक्याच्या गावातल्या सर्जनलाही जमेल असा हा उपाय, त्याचा गवगवा मात्र मी कुठे ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली. मला कुणी सांगायचं विसरलं होतं. मी संडासातूनच बहिणीला हाक मारली. सिस्टर म्हणाली, "रंग आहे मॅडम, सगळ्यांना होतो." आम्ही दोघी इतक्या हसलो की टाके दुखले.

तीन ग्रंथी काढल्या होत्या. ऑपरेशन चालू असताना केलेल्या घाईच्या तपासणीत तिन्ही स्वच्छ. नवऱ्याने घरी फोन केले. खालाजाननी शुकराना पढला.

अकराव्या दिवशी पूर्ण रिपोर्ट आला. तीनपैकी एकीत १.१ मिलिमीटरचा ठिपका.

म्हणजे त्या वीसांतली मी. ऐंशीचं पारडं केवढं जड होतं, आणि मी निघाले वीसांत. रिपोर्ट हातात घेऊन मला कॅन्सर आठवला नाही, शिवणाऱ्या आपांची वही आठवली. आता उरलेली काख साफ करणार, असंच मी धरून चालले. सर्जनबाईंनी मान हलवली. दोन मिलिमीटरपर्यंतच्या ठिपक्याला सूक्ष्म प्रसार म्हणतात, आणि त्यासाठी काख साफ केली काय, न केली काय, फरक पडत नाही हे २०१३ मध्येच एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं आहे. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, त्याच जुलियानोंनी दाखवलं होतं की स्तन वाचवून किरणोपचार घेणाऱ्या बायकांमध्ये एक-दोन पहारेकरी ग्रंथींत याहून मोठा रोग असला तरी बाकीची काख तशीच ठेवता येते. किमो मात्र घ्यावी, असं त्यांचं मत पडलं. घेतली. केस गेले, उलट्या झाल्या, किरणोपचार झाले, आता रोजची गोळी पुढची कित्येक वर्षं. त्याबद्दल इथे लांबण लावत नाही.

नवरा अजूनही म्हणतो, तक्ता चुकला. मी म्हणते चुकला नाही. पावसाची शक्यता २० टक्के सांगितली आणि भिजलो तर वेधशाळा खोटी ठरत नाही. पण हे बोलायला सोपं आहे. आम्ही दोघं ज्या गोष्टीवर एकमत आहोत ती वेगळी. तो आकडा मला आधी सांगितला गेला, मला प्रश्न विचारता आले, आणि अंदाज उलटला तरी हात जाणार नाही अशी तजवीज आधीच केलेली होती. अम्मीच्या वेळी आकडाही नव्हता आणि प्रश्न विचारायला ती खोलीतही नव्हती.

या सगळ्याला एक अट आहे, बाईने लवकर यायला हवं. गेल्या महिन्यात पालकसभेनंतर एका विद्यार्थिनीची आई मागे थांबली. माझ्या डोक्यावरचा स्कार्फ आणि उगवणारे केस तिने पाहिले असावेत. वर्ग रिकामा झाल्यावर तिने बुरखा बाजूला करून माझा हात धरून आपल्या काखेत ठेवला. लिंबाएवढी, घट्ट, न हलणारी गाठ. "दर्द नहीं होता, इसलिये बोली नहीं." दीड वर्ष झालं होतं. तिला तक्त्याची गरज नव्हती. काखेतल्या गाठीतच सुई घालून दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं. तिची किमो चालू आहे.

टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांवर वीस वर्षांची एक चाचणी केली. तीही १९९८ मध्येच सुरू झालेली. यंत्र नाही, फक्त शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासणार, असे चार वेळा. २०२१ मध्ये निकाल छापून आला. तपासलेल्या बायकांचा रोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी मुख्याध्यापिकांना विचारलं आहे की पालकसभेच्या दिवशी एक बाई डॉक्टर बोलावता येईल का. त्या म्हणाल्या, विषय काय लिहायचा सूचनेत? 'आरोग्य तपासणी' लिहू म्हणतात. मी म्हटलं, विषयाचं नाव लिहा. अजून ठरत नाहीये.

अम्मी आणि मी, दोघींना झाल्यामुळे डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितली. ज्ञात दोष सापडला नाही. तरी माझ्या मुलीने वेळेवर तपासण्या सुरू करायच्या आहेत. ती १९ वर्षांची आहे, तिला सगळं माहीत आहे, सतरांपैकी शून्यसुद्धा.

जूनपासून शाळेत जाते. रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम करते. वर्गात फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिताना अजून काख ओढते, म्हणून तारीख जरा खाली लिहिते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी शिवणाचा टेप घेऊन येते आणि दोन्ही दंड मोजते. या रविवारी डावा साडेअकरा, उजवा पावणेबारा. तिने वहीत लिहिलं, टेप गुंडाळला आणि चहा टाकायला गेली.